हलिमाबीचा डावा हात

हलिमाबी जखम आधी बघायची नाही, हुंगायची. पट्टी सोडून झाली की ती पदर कानामागं खोचायची, डोळे मिटायची आणि रुग्णाच्या पायावर इतकी वाकायची की नवख्या माणसानं संकोचून पाय मागं ओढावा. एक लांब श्वास. मग काही क्षण काहीच नाही. तेवढ्यापुरतं ड्रेसिंगच्या खोलीतलं सगळं बोलणं थांबे. तिनं "हं" म्हटलं तर रुग्णाचा जीव भांड्यात पडे. काही न बोलता तिनं गरम पाण्याचं पातेलं जवळ ओढलं, की बायका रडायला लागत.

"डोळ्यांला आपनच सांगतो काय बघायचं ते," ती म्हणे. "नाकाला सांगता येत न्हाई, मिसबाई."

हे ती मला सुईत दोरा ओवायला देता देता म्हणे. तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता आणि जवळचं तिला धूसर दिसे. ते ती कबूल करत नसे. सुई देताना "तुला काम न्हाई म्हनून देते" असं वर म्हणायची.

मिसबाई म्हणजे मी. लढाईची वर्षं होती. श्रीरामपूरच्या स्टेशनापासून टांग्यानं तासाभरावर, उसाच्या मळ्यांमध्ये, मिशनचं छोटं इस्पितळ होतं. वडील तिथं भांडार सांभाळत. मी पुण्याच्या इंग्रजी शाळेतून मॅट्रिक होऊन घरी आले होते, आणि शिकलेल्या नर्सा लष्कराच्या इस्पितळांत गेल्यामुळे डॉक्टरसाहेबांनी मला नोंदवही लिहायला बसवलं. मला माणसांशी बोलणं जड जाई. बोलण्याआधी मी वाक्य मनात जुळवून घेई, आणि ते जुळेपर्यंत समोरचा माणूस पुढं गेलेला असे. हलिमाबी तेवढी थांबायची. "जुळव, जुळव," म्हणायची. "मी तवर पट्टी गुंडाळते."

ती पन्नाशीची होती. उंच, हाडापेरानं मोठी, मिश्रीनं दात काळे झालेले. सगळे तिला बुबू म्हणत. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. खोलीतल्या खुंटीवर प्रत्येक रुग्णाच्या नावाचा एक दोरा लटकवलेला असे, आणि रोजच्या पट्टीनंतर ती त्याला एक गाठ मारी. रुग्ण बरा होऊन गेला की दोरा चुलीत. माझ्या नोंदवहीतले दिवस आणि तिच्या गाठी यांत फरक पडला, तर चूक नेहमी माझी निघे.

ती इस्पितळात कशी आली, हे जुना कंपाउंडर रंगवून सांगायचा. फार वर्षांपूर्वी ती भाच्याला घेऊन आली होती. कंपाउंडरनं बांधलेली पट्टी तिनं फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाली, "ही पट्टी हाय का मोटंचं तोंड बांधलंय?"

"मग तूच बांध की!" कंपाउंडर भडकला.

तिनं तिथंच उकिडवं बसून बांधली. डॉक्टरसाहेब दारात उभे होते. त्यांनी पट्टीखाली बोट घालून पाहिलं.

"कुणी शिकवलं?"

"बापानं. जर्राह हुता."

जर्राह म्हणजे गळवं फोडणारा, हाडं बसवणारा, जखमा भरून आणणारा माणूस. तिचे वडील बारा गावांत त्यासाठी प्रसिद्ध होते, आणि त्यांचं औषध एकच: कंबरमोडीचा पाला. पाटाच्या कडेला, रेल्वेच्या खडीत, कुठंही उगवणारं हे आडवं पसरणारं रोप. लांब बारीक देठावर बटणाएवढं फूल. पाला तळहातावर चोळायचा आणि हिरवा रस जखमेवर पिळायचा. आमच्या भागात विळा लागला की माणूस आधी खाली वाकून हाच पाला शोधतो.

डॉक्टरसाहेबांना झाडपाल्याचा तिटकारा होता. फाटकापाशी त्यांनी एक पत्र्याची बादली ठेवली होती. येणाऱ्यानं जखमेवर जे काही थापून आणलं असेल, राख, चुना, तंबाखू, शेण, पाला, ते आधी त्या बादलीत जायचं. ते काढून टाकायचं काम हलिमाबीकडे होतं. म्हणजे बापाचं औषध ती रोज स्वतःच्या हातानं फेकत होती.

मी एकदा वाक्य जुळवून विचारलं, "तुम्हांला वाईट नाही वाटत?"

"शेनासंगं टाकते, वाईट न्हाई वाटनार?" ती म्हणाली. "पन एका कोपऱ्यात टाकते. निराळं."

मी जाऊन पाहिलं. खरंच बादलीत एका कडेला पाला वेगळा पडलेला होता.

त्या हिवाळ्यात औषधं संपत आली. जखमेवर टाकायची सल्फाची पूड लष्कराकडे जात होती. आमच्यासाठी मागवलेलं पार्सल मुंबईहून निघालं म्हणून पत्र आलं, पार्सल आलं नाही. आयोडीनमध्ये पाणी वाढत गेलं, पट्ट्या धुऊन धुऊन जाळीसारख्या झाल्या. आणि तो ऊसतोडणीचा हंगाम होता. पूर्वेच्या कोरड्या भागातून टोळ्या आल्या होत्या. कोयत्याचे घाव, पाचटानं चिरलेल्या पिंढऱ्या, चिघळलेल्या नडग्या. सकाळी व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नसे.

हलिमाबी डॉक्टरसाहेबांसमोर उभी राहिली. "साहेब, तुमचं औषध संपलं. माझं फाटकाबाहेर उगवतंय."

"पाल्यानं गुण येतो हे तू कशावरून म्हणतेस?"

"बापाचं आयुष्य गेलं त्यात."

"बापाचे बरे झालेले रुग्ण तुला आठवतात. जे बरे झाले नाहीत, ते सांगायला आले होते का परत?"

हलिमाबी पातेलं उचलून निघून गेली. मला वाटलं, चिडली. दोन दिवसांनी पुन्हा गेली आणि म्हणाली, "जोडीनं बघू. ज्याला दोन पायांना दोन जखमा हायत, त्याच्या एका पायाला पाला, दुसऱ्याला नुसतं उकळल्यालं मीठपानी. मानूस एक, खानं-पिनं एक. मग तर कळंल?"

डॉक्टरसाहेबांनी खणातून चौकटींचा कागद काढला. मग त्यांनी मला बोलावलं. जखमेवर तेलकागद ठेवायचा, पेन्सिलीनं कडेकडेनं रेघ काढायची, तो कागद चौकटींच्या कागदावर धरून आतल्या चौकटी मोजायच्या. दर तिसऱ्या दिवशी. चौकटी कमी झाल्या म्हणजे जखम भरते आहे.

"कोणत्या पायाला पाला लावला, हे तिला सांगायचं नाही," ते माझ्याकडे बोट करून हलिमाबीला म्हणाले.

"ते मला ठावं हाय," हलिमाबी म्हणाली. "तिला कळलं तर तिचा डोळा माझ्या बाजूनं बोलंल."

ती प्रत्येक रुग्णाला विचारून मगच सुरुवात करी. एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "बुबू, चांगलं औषध उजव्या पायाला लाव. डाव्यानं मी सासरवाडीला बी जात न्हाई." सगळे हसले. हलिमाबी हसली नाही. रस काढायच्या आधी ती पाला उकळलेल्या पाण्यातून तीनदा काढायची, हात कोपरापर्यंत धुवायची, आणि मी आत यायच्या आधी दोन्ही जखमा पुन्हा स्वच्छ धुवून ठेवायची. "ये," अशी हाक आली की मी तेलकागद घेऊन जायची.

दोन महिने हे चाललं. आकडे पाल्याच्या बाजूनं जाऊ लागले. प्रत्येक वेळी नाही, पण बहुतेक वेळा. मी चौकटी मोजून डॉक्टरसाहेबांना देई, आणि कोणता पाय कोणता हे ती नंतर त्यांना सांगे. डॉक्टरसाहेबांच्या कपाळावरची आठी सैल होत गेली. एकदा त्यांनी पाल्याचा एक डहाळा हातात घेऊन चष्मा वर करून पाहिला. हलिमाबीनं ते लांबून पाहिलं आणि मला पाठमोरी होऊन उगाच पातेलं घासायला लागली.

तेवढ्यात ठकूबाई आली.

ती पाथर्डीकडची, बावीस-तेवीस वर्षांची. नवरा ऊस तोडायचा, ही मोळ्या बांधून गाडीपर्यंत डोक्यावरून न्यायची. नडगीवर कोयता बसला होता. घाव दहा दिवसांचा होता आणि त्यावर सगळं काही थापून झालं होतं. हलिमाबीनं ते बादलीत काढलं, डोळे मिटून वाकली, आणि लगेच सरळ झाली. पातेलं ओढलं.

डॉक्टरसाहेबांनी जांघेत हात लावून पाहिला. अवधाण, म्हणजे जखमेमुळे जांघेत येणारी गाठ, आलं नव्हतं. "विष वर चढलं तर जीव जाईल," ते म्हणाले. "गुडघ्याखाली काढावा लागेल."

ठकू उठून बसली. "काय काढावा लागंल?"

डॉक्टरसाहेबांनी तिच्या नडगीकडे बोट केलं.

"पाय काढला तर मोळी कशी उचलू? मोळी उचलनार न्हाई तिला कोन ठेवतंय? बुबू, तू सांग की यांना!"

हलिमाबीनं तिच्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरसाहेबांकडे पाहिलं. "साहेब, कागद काय म्हनत्यात?"

डॉक्टरसाहेबांनी खिशातून आमच्या आकड्यांचा कागद काढला. मी त्यांच्या जागी असते तर मलाही तेच वाटलं असतं. सल्फा नव्हतं, आणि समोर दोन महिन्यांचं मोजमाप होतं.

"आठ दिवस," ते म्हणाले. "रोज माप. जखम वाढली किंवा जांघेत गाठ आली, की त्याच दिवशी पाय काढायचा."

ठकूनं हलिमाबीचा हात धरला. "बरा हुईल ना गं?"

"जखमेला विचार," हलिमाबी म्हणाली. ती कुणालाच यापलीकडे उत्तर देत नसे. पण त्या दिवशी संध्याकाळी तिनं पाटावरून पाल्याचा भाराच आणला.

पहिला दिवस, दुसरा दिवस. मी माप घ्यायची, चौकटी किंचित कमी व्हायच्या. ठकूला मी कागद दाखवला की ती चौकटींवर बोट ठेवून बघायची, जणू तिला त्या वाचता येत होत्या. तिसऱ्या दिवशीही कागद म्हणाला, कमी. चौथ्या सकाळी हलिमाबी जखमेवर वाकली ती नेहमीपेक्षा जास्त वेळ तशीच राहिली.

"तुझा कागद दे," ती म्हणाली.

"आत्ता काढला तो? थोडी कमीच आहे."

"कागद म्हनतो कमी. नाक म्हनतं वाढली." तिनं हात पुढं केला. "दोघांतलं एक खोटं बोलतंय."

खाट उन्हात ओढून घेतली. हलिमाबीनं तेलकागद ठकूच्या नडगीवर पुन्हा ठेवला, रेघ जिथं होती तिथं, आणि हातभर मागं सरून, मान तिरकी करून पाहिलं. मीही पाहिलं. माझ्या रेघेच्या बाहेर सगळीकडून लाल दिसत होतं. करंगळीच्या नखाएवढी पट्टी, पण सगळीकडून.

ती उठली. दोन पायांना दोन जखमा असलेला तो म्हातारा व्हरांड्यातच होता. त्याच्या दोन्ही पायांवर तिनं माझे त्या सकाळचे दोन कागद ठेवले. डाव्या पायाची रेघ जखमेवर नेमकी बसली. उजव्या पायाची आतून गेली होती.

"उजवा पाल्याचा," हलिमाबी म्हणाली. "तुला कळत हुतं?"

माझं वाक्य जुळेना. ती थांबली. या वेळी तिच्या हातात गुंडाळायला पट्टी नव्हती.

"कडेला हिरवा डाग राहतो," मी म्हणाले. "धुतला तरी. तुम्हांला... मला वाटलं, तुम्हांला दिसत असेल."

तिनं म्हाताऱ्याचा पाय उचलून डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग बोटानं कड चाचपली. तिला तो डाग दिसला नाही.

मी मुद्दाम काही केलं नव्हतं. आजही शपथेवर सांगेन. जखमेच्या कडेला नवी कातडी आणि जुनी जखम यांच्यात एक गुलाबी पट्टा असतो, रेघ त्याच्या आतून काढावी की बाहेरून, हे पेन्सिलीला ठरवावं लागतं. हिरवा डाग दिसला की माझी पेन्सिल आतून जात होती. ती पातेलं घासत पाठमोरी झाली होती ते मी पाहिलं होतं, एवढंच.

हलिमाबी व्हरांड्याच्या कडेला बसली, कमरेची डबी काढली, बोटावर मिश्री घेतली आणि दाताला लावली. बोट तोंडातच थांबलं. आतून ठकूचा आवाज येत होता. ती शेजारणीला सांगत होती, "कमी हाय म्हनं आज बी." डॉक्टरसाहेब दुसऱ्या खोलीत होते. त्यांना काही माहीत नव्हतं. आठ दिवसांतले चार शिल्लक होते. ती गप्प राहिली असती, तर ठकूचे चार दिवस राहिले असते, आणि पाल्याचं नावही. मी तिच्याकडे पाहत उभी होते. आपण तिनं बोलू नये अशी आशा करतो आहोत, हे मला उभ्या उभ्या कळलं.

तिनं चूळ भरली आणि उठली.

"साहेब," ती दारातून म्हणाली, "आमच्या मापात खोट हाय. दोन म्हयन्यांचं समदं."

"कुणाच्या मापात?" डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"आमच्या," ती म्हणाली.

डॉक्टरसाहेब उठले. सरळ ठकूच्या खाटेकडे गेले, जांघेत हात घातला आणि तो तिथंच राहिला. गाठ आली होती. ती त्या सकाळीच आली होती की आदल्या दिवसापासून होती, हे आम्हां कुणालाच सांगता आलं नाही. आम्ही कागदाकडे बघत होतो.

"आठ दिस म्हनाला हुता!" ठकू ओरडत होती. "बुबू, तू सांगितलंस ना त्यांना? तूच सांगितलंस! तू बोलली नसतीस तर चार दिस हुते माझे!"

"व्हय," हलिमाबी म्हणाली. "मीच सांगितलं."

दुपारी पाय काढला. क्लोरोफॉर्म डॉक्टरसाहेबांनी कंपाउंडरकडे दिला. पाय हलिमाबीनं धरला होता. मी बाहेर व्हरांड्यात होते. ती बाहेर आली तेव्हा तिनं हात धुतले, कोपरापर्यंत, तीनदा, आणि खुंटीवरच्या ठकूच्या दोऱ्याला त्या दिवसाची गाठ मारली.

ठकू जगली. शिमग्यानंतर हंगाम उलगला, टोळी गाड्या जुंपून निघाली. नवरा "घेऊन जातो आठवड्यात" म्हणून गेला, आणि आला नाही. डॉक्टरसाहेबांनी ठकूला इस्पितळातच ठेवून घेतलं. ती कुबडी घेऊन ड्रेसिंगच्या खोलीमागच्या चुलीवर बसू लागली. पाणी उकळायचं, पट्ट्या उकळायच्या. ती सगळ्यांशी बोलायची. हलिमाबी पाण्याला आली की ठकू पातेलं पायरीवर ठेवायची आणि तोंड फिरवायची. बुबू म्हणायची नाही. काहीच म्हणायची नाही.

मी हलिमाबीला म्हणाले, "मी तिला सांगते. रेघ माझी होती."

"तू सांगून काय हुईल? तिला रागवायला एक मानूस पुरं हाय."

पण तिला स्वतःला ते पुरत नव्हतं. ती जेवायची कमी झाली, जखमेवर वाकून मग पुन्हा एकदा वाकायची, स्वतःच्या नाकावरचाही भरवसा गेल्यासारखी. एकदा पट्ट्या वाळत घालताना तिनं मला जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत लिहिते. "पाला खरा असंल, तर चार दिसांत पाय वाचला असता, आन् तो मी घालवला. पाला खोटा असंल, तर माझा बाप जन्मभर खोटा. मला दोन्हीतलं एक घ्यावं लागंल, मिसबाई. पन कंचं, ते तरी कळू दे."

चैत्रात एका सकाळी ती डॉक्टरसाहेबांच्या टेबलाशी आली आणि डावा हात पुढं केला. मनगटाच्या वर दोन ताजे काप, एकाखाली एक, सारख्या लांबीचे. वडिलांचा गळवं फोडायचा नश्तर उकळून तिनं ते घरीच घेतले होते.

"हलिमाबी! वेडी झालीस काय?"

"तुम्ही न्हाईच म्हनला असता. आता झालंय. बाटल्या भरा."

तिनं सगळं ठरवून आणलं होतं. दोन सारख्या बाटल्या. एकीत कंबरमोडीचा रस, दुसरीत गाईला घालतात त्या लसूणघासाचा. तोही तसाच हिरवा. "घासानं जखम भरल्याचं कुनी ऐकलंय?" बाटल्या डॉक्टरसाहेबांनी भरायच्या, एकीच्या गळ्याला गाठीचा दोरा बांधायचा, आणि कोणती कोणती हे लिहून खणात कुलूप लावून ठेवायचं. तिला माहीत नको, मला माहीत नको. डाग दोन्हींचे हिरवे.

माप मीच घ्यायचं, असं तिनं सांगितलं. मी नको म्हणाले. "तूच," ती म्हणाली. पेन्सिल पहिल्यांदा हातावर टेकवताना मी दोनदा मागं घेतली, आणि ती शांत बसून होती. दर वेळी कागद पुन्हा जखमेवर ठेवून डॉक्टरसाहेब बघत.

हातावर नीट घेतलेला काप आणि नडगीवरची कुजलेली जखम एक नव्हे, हे तिला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. तरी तिच्याकडे तेवढाच एक हात होता.

खपल्या एकाच दिवशी पडल्या. डॉक्टरसाहेबांनी खण उघडला, कागद वाचला. गाठीची बाटली पाल्याची होती. त्यांनी माझे सगळे कागद शेजारी शेजारी मांडले आणि कोणत्याच जोडीत सांगण्यासारखा फरक नव्हता.

"पाल्यानं नुकसान केलं नाही, हलिमाबी," ते सौम्यपणे म्हणाले. तसं बोलताना मी त्यांना क्वचित ऐकलं होतं.

"फायदाबी न्हाई." ती हाताकडे बघत होती. मग म्हणाली, "बाप पाला लावायच्या आधी जखम उकळल्या पान्यानं धुवायचा. अर्धी-अर्धी घटका. मी पोरगी हुते, मला पातेलं धरायला लावायचा, हात भाजायचे माझे. मला वाटायचं, औषध यायचंय अजून."

एवढं बोलून ती पट्ट्या करायला गेली.

मे महिन्यात मी नर्सिंग शिकायला मुंबईला निघाले. टांगा फाटकात उभा होता, वडील ट्रंक चढवत होते. निरोप घ्यायला मी ड्रेसिंगच्या खोलीमागं गेले आणि कोपऱ्यावरच थांबले. ठकू चुलीपाशी बसली होती, कुबडी भिंतीला टेकवून. हलिमाबी पाण्याला आली होती. ठकूनं पातेलं पायरीवर ठेवलं आणि तोंड फिरवलं. हलिमाबीनं पातेलं उचललं नाही. ती पायरीवर बसली आणि डावा हात ठकूच्या मांडीवर ठेवला.

"एक पाल्याची हाय, एक घासाची," ती म्हणाली. "पाल्याची कंची, सांग."

ठकू चुलीकडेच बघत राहिली. मग खाली बघितलं. पहिल्या वणावर अंगठा ठेवला, दाबला. दुसऱ्यावर ठेवला. हात उजेडाकडे वळवून पुन्हा पहिल्यावर आली. मला वाटलं ती हात झटकून देईल.

"सारख्याच हायेत की," ती म्हणाली.

"व्हय."

ठकूनं हात सोडला नाही. चुलीत लाकूड सरकलं आणि ठिणग्या उडाल्या.

"सरक, बुबू," ती म्हणाली. "जाळ लागंल."

हलिमाबी सरकली. मी पुढं गेले नाही. वडिलांनी हाक मारली म्हणून परत फिरले. फाटकापाशी टांग्यात चढताना बादलीत पाहिलं. त्या सकाळचा पाला राखेपासून वेगळा, एका कोपऱ्यात टाकलेला होता.